भाऊ कोणाच्या बाजूचे

गंज चाळीस लिटरचा, कॉलनीच्या गणपतीचा. त्यातलं दूध संध्याकाळी सहापासून आटत होतं. ढवळायची पाळी खरं तर माझी नव्हती. ज्याची होती तो भाऊंना आणायला नाक्यावर गेला, म्हणून उलथणं माझ्या हाती आलं. कोजागिरीला आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणा असतो. एकदा हृदयरोगतज्ज्ञ होते, त्यांनी आटीव दूध पिता पिता सायीचे तोटे सांगितले. एकदा भावगीतांचा कार्यक्रम झाला. यंदा महापालिकेच्या निवडणुकीचं वारं होतं, म्हणून आमच्या भागातून निवडून आलेले भाऊ.

भाऊंचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा नावाची होते, आणि भाऊ बोलले तसं बोलणारे ते एकटे नाहीत.

ते साडेनऊला आले. आधी नालीचं बोलले, मग अमरावती रोडवरच्या ट्रॅफिकचं, मग दत्तवाडीतल्या पाण्याच्या प्रेशरचं. कामाचा माणूस आहे, हे मी नाकारणार नाही. आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर त्यांनीच बदलून दिला. मग आवाज थोडा चढवून ते म्हणाले, "अन् आता जगाची गोष्ट. लोक म्हणतात युद्ध वाईट. असंल वाईट. पण तिकडं युक्रेनात ते दोघं इतकी वर्षं झाली भांडून राहिले, अन् इकडं आपल्या नागपूरले दारूगोळ्याच्या ऑर्डरी येऊन राहिल्या. बाजारगाव पाहा, हिंगणा पाहा. आपल्या पोराईच्या हाताला काम आहे. तेलबी स्वस्त भेटून राहिलं. माझं तर म्हणणं आहे, चालू द्या! अजून दोन-चार वर्षं चालू द्या. आपलं काय जाते?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत माझे बाबा बसले होते. त्यांनीही वाजवल्या. दोनच, पण वाजवल्या. बाबा टाळ्या मोजून वाजवतात.

मी गंजापाशी उभा होतो आणि माझा हात थांबला होता. भाऊंना काही म्हणावं असं वाटत होतं, काय म्हणावं ते सुचत नव्हतं, आणि तेवढ्यात दूध तळाला लागलं. वर चारोळी आणि केशर घालून आम्ही ते वाटलं. सव्वाशे लोकांनी करपट वासाचं दूध घेतलं आणि एकानंही तोंडावर दाखवलं नाही. आमची कॉलनी सोशिक आहे.

त्या रात्री झोप आली नाही. भाऊ युद्धाच्या समर्थनार्थ बोलले म्हणून नव्हे. तशी भाषणं मी भरपूर ऐकली आहेत, शाळेत इतिहास शिकवतो, पुस्तकातली अर्धी माणसं युद्धाच्याच समर्थनार्थ उभी असतात. पण त्यांची एक बाजू असते. कोणी म्हणतो आमची जमीन, कोणी म्हणतो आमचा धर्म, कोणी म्हणतो त्यांनी आधी मारलं. खोटं असेल, अर्धसत्य असेल, पण बाजू असते. भाऊंना रशियाचं काही पडलेलं नव्हतं आणि युक्रेनचंही नाही. त्यांना कोणी जिंकायलाही नको होतं. जिंकलं की संपतं. भाऊ युद्धाच्याच बाजूचे होते.

हे एकदा डोक्यात आल्यावर मग त्यांच्या भाषणातला हिशेबही नीट दिसायला लागला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. त्याआधी आपण आयात करायचो त्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. युरोपनं तोंड फिरवल्यावर रशियानं सवलतीत तेल विकायला काढलं, आणि वर्षभरात तो वाटा एक तृतीयांशाच्या घरात गेला. म्हणजे तेलाचा पैसा रशियाच्या बाजूला. आता गोळे. सप्टेंबर २०२४ मध्ये एक बातमी आली होती, की भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या हातून युक्रेनला पोचले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं ती बातमी अंदाजपंचे आणि दिशाभूल करणारी म्हणून झटकून टाकली. मंत्रालयाचं खरं धरू. तरी जगातला गोळ्यांचा साठा आटला की जिथं गोळा बनतो तिथं मागणी वाढते, हे समजायला बातमी लागत नाही. तर तेलाचा पैसा एकीकडे, गोळ्यांची मागणी दुसरीकडून, आणि मध्ये आपण दूध पीत बसलेलो.

स्वस्त तेलाचं म्हणाल तर नागपुरात पेट्रोल शंभराच्या वरच आहे. भाऊंच्या गाडीत डिझेल कोण भरतं माहीत नाही, मी माझ्या स्कूटरमध्ये मीच भरतो. काटोलकडे माझ्या मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. संत्र्याला पोटॅश लागतं, आणि बरंचसं पोटॅश येतं ते रशिया-बेलारूसच्या बाजूनं. २०२२ मध्ये त्याचं पोतं १,७०० रुपयांवर गेलं होतं. मामांनी त्या वर्षी निम्मंच टाकलं. "आपलं काय जाते" याचं एक उत्तर काटोलला आहे.

पण मला पैशात उत्तर द्यायचं नाही. पैशात दिलं की उद्या पोटॅश स्वस्त झालं तर मीही टाळ्या वाजवायच्या का?

आता घरचं. लपवून उपयोग नाही, कारण या लेखातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. बाबा डिफेन्समध्ये होते. नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: इथे 'डिफेन्स' म्हटलं की सैन्य नव्हे, अंबाझरीची आयुध निर्माणी. वाडीच्या पोरांची दिवसाची घडी तिच्या भोंग्यावर लागलेली असायची. बाबा टर्नर. तोफगोळ्याचं रिकामं कवच, ज्याला तिथे नुसतं 'एम्प्टी' म्हणतात, ते लेथवर उतरवायचं आणि माप तपासायचा गेज लावून बघायचं. एक गेज आत गेला पाहिजे आणि दुसरा जाता कामा नये. बाबांची बोटं आजही एखाद्या स्टीलच्या पेल्याच्या कडेवरून फिरतात तेव्हा ती पेला बघत नसतात, मापात आहे का ते बघतात.

विदर्भात एक गोळा पूर्ण व्हायला किती फिरतो हे मी लहानपणी ऐकत आलो. कवच नागपूर जिल्ह्यात. दारू भंडाऱ्याची, जवाहरनगरला. भरायचं भद्रावतीला, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. आणि साठवायचं पुलगावला, वर्धा जिल्हा, देशातलं सगळ्यात मोठं दारूगोळा भांडार. चार जिल्ह्यांची जत्रा करून गोळा सरहद्दीला जातो. स्फोटकांचा परवाना देणारं केंद्र सरकारचं मुख्य कार्यालयही नागपुरातच. लोक आमच्या गावाला संत्र्यांचं गाव म्हणतात, आम्हीही म्हणू देतो.

१९९९. माझी दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. मे महिना, पारा पंचेचाळीसला, आणि कारगिल सुरू झालं. बाबांना ओव्हरटाइम लागला. डबा दोन वेळचा जायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी पहिला कूलर आला, पत्र्याचा, हिरवट रंगाचा, मागे वाळ्याच्या ताट्या. त्याआधी आम्ही गच्चीवर झोपायचो. त्या रात्री आई, बाबा, मी आणि बहीण, चौघं एका खोलीत कूलरपुढे ओळीनं झोपलो. वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर, आणि समोर टीव्हीवर आवाज बंद करून द्रासचा डोंगर. तोफा नुसत्या धूर सोडताना दिसत होत्या. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली म्हणतात. आपले ५२७ जवान गेले. मी पंधरा वर्षांचा होतो आणि मला गार वारा आवडला होता.

म्हणजे युद्धाच्या पैशावर गार वारा खाल्लेला माणूस आहे मी. भाऊंनी माझ्यावर हे फेकलं असतं तर मला खाली बघावं लागलं असतं. त्यांनी फेकलं नाही, कारण मी काही बोललोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांना विचारलं, "काल टाळ्या कशासाठी वाजवल्या?"

"कोणत्या?"

"भाऊ म्हणाले चालू द्या, तेव्हा."

बाबांनी बशी खाली ठेवली. "मी चालू द्यावर नाही वाजवल्या. ऑर्डरीवर वाजवल्या."

हा फरक मला हास्यास्पद वाटला होता, तेव्हाच्या तेव्हा. नंतर नाही वाटला. बाबांनी नोकरीची शेवटची वर्षं एकाच भीतीत काढली: कारखाना राहतो की जातो. ते रिटायर झाल्यावर, १ ऑक्टोबर २०२१ ला, ४१ आयुध निर्माण्यांचं जुनं मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या एकीचं मुख्यालय इथेच आलं. बाबांचे मित्र त्या काळात आमच्या अंगणात येऊन बसायचे आणि पेन्शनचं काय, पोरांना अनुकंपावर घेतील का, असं बोलत राहायचे. अशा माणसाला 'ऑर्डर' हा शब्द कानाला गोड लागणारच. तो शब्द ऐकला की त्याला मशीन चालू असल्याचा आवाज येतो. पलीकडे ते कुठे पडतं हे लेथवर दिसत नाही. चार जिल्हे मध्ये आहेत.

"पण बाबा, कारगिलच्या वेळी..."

"तवा आपल्या पहाडावर येऊन बसले होते," बाबा म्हणाले. "हे कोणाच्या पहाडावर आहे?"

मला जे रात्रभर नीट मांडता येत नव्हतं ते त्यांनी चहाच्या बशीवर मांडलं आणि पेपर उघडला.

मी काही पूर्ण अहिंसावादी नाही. घरात चोर शिरला तर काठी उचलीन. बाबासाहेबांनीही बुद्धाची अहिंसा सांगताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद केला आहे. बुद्धाचा निषेध नुसत्या इच्छेपोटी होणाऱ्या हत्येला होता, असं ते मांडतात. मला हा भेद पटतो. पण भाऊंना यातल्या कोणत्या खान्यात बसवायचं, याचा मी बराच विचार केला. त्यांना कोणाला मारायची इच्छा नाही, मुंगी दिसली तर पाय बाजूला ठेवतील. गरज तर नाहीच. तिसराच प्रकार आहे हा: दुसरे दोघं एकमेकांना मारतायत, ते त्यांनी मारत राहावं, अशी इच्छा. यात हाताला रक्त लागत नाही. म्हणूनच तो कोजागिरीला, बायकापोरांसमोर, मोठ्यानं बोलता येतो.

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर भाऊंचं होर्डिंग होतं, हे मला दोन दिवसांनी आठवलं. लाखोंची गर्दी, भाऊंच्या कार्यकर्त्यांचा पाण्याचा आणि बुंदीचा स्टॉल, आणि वर फ्लेक्सवर हात जोडलेले भाऊ: 'युद्ध नको, बुद्ध हवा'. दसरा ते कोजागिरी, मध्ये पाच दिवस. पाच दिवसांत बुद्ध उतरवला.

ज्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या गावात ही पुढची गोष्ट निदान माहीत तरी असायला हवी. बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धार्थानं घर का सोडलं याचं परंपरेतलं उत्तर आपल्याला पाठ असतं: म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं. बाबासाहेबांना ते पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? वकिलाचा प्रश्न आहे, आणि बिनतोड आहे. त्या जागी ते एक सभा ठेवतात.

रोहिणी नदी, अलीकडे शाक्य, पलीकडे कोलिय. पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून दोन्हीकडच्या सेवकांची मारामारी होते, दोन्हीकडे लोक जखमी होतात. शाक्यांचा सेनापती संघाची बैठक बोलावतो आणि युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठतो. वैराग्याचं तो काही बोलत नाही. तो म्हणतो, आधी चौकशी करा, आगळीक कोणाची होती ते कळू द्या. कदाचित आपल्याही माणसांची असेल. मग सुचवतो: आपले दोन, त्यांचे दोन, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पाच जण बसवा आणि वाद मिटवा. समिती सुचवतो माणूस! मला हा तपशील फार आवडतो. शांततेचं भाषण कोणीही ठोकेल, पाचवा सभासद कोणी निवडायचा हे ज्यानं ठरवून आणलं त्याला शांतता खरंच हवी असते.

मतदान होतं. सिद्धार्थाची सूचना प्रचंड बहुमतानं पडते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्यानं सैन्यात यावं असा ठराव येतो. ज्यांना काल युद्ध पटलं नव्हतं तेही आज गप्प बसतात. मला वाटतं, ती माणसं उलथणं हातात धरून उभी असणार. सिद्धार्थ एकटा पुन्हा उठतो आणि सांगतो, मी भरती होणार नाही. सेनापती मग ठेवणीतलं काढतो: घराण्यावर बहिष्कार, जमिनी जप्त. घरच्यांना त्रास नको म्हणून सिद्धार्थ स्वतः देश सोडण्याची शिक्षा मागून घेतो. पुढे तो गेल्यावर कपिलवस्तूत युद्धाविरुद्ध लोक रस्त्यावर येतात, बायका-मुलं मिरवणुका काढतात, आणि समेट होतो. राजगृहात त्याला ही बातमी कळते. तेव्हा तो घरी परत येऊ शकला असता. पण भांडण एका नदीपुरतं नाही हे त्याला तोवर उमगलेलं असतं.

आपल्या बाजूचं पवनार घ्या, पुलगावच्याच वर्धा जिल्ह्यात. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयनं हिंदुस्थानातल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. त्याविरुद्ध १७ ऑक्टोबर १९४० ला पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबा पवनारला उभे राहिले. सांगणं एवढंच: या युद्धाला पैशानं वा माणसांनी मदत करणं चूक आहे. चार दिवसांत अटक झाली. समोर हिटलर होता, इंग्रजांची बाजू काही खोटी नव्हती, हे विनोबांना कळत नव्हतं असं नाही. वर्गात मी हे शिकवतो तेव्हा पोरं विचारतात, सर, मग विनोबांचं चुकलं का? मी दरवर्षी वेगळं उत्तर देतो. पण विनोबा निदान दुसऱ्याच्या मरणावर आपला धंदा लावा असं म्हणत नव्हते, इतकं मी दरवर्षी सारखंच सांगतो.

भाऊंच्या जनसंपर्क कार्यालयात मी पुढच्या शनिवारी गेलो. बाहेर चपलांचा ढीग, आत तर्री-पोह्यांच्या प्लेटा. भाऊंनी मला ओळखलं, उठून खुर्ची दिली. मी म्हटलं, कोजागिरीचं तुमचं बोलणं खटकलं. ते हसले. "सर, ते तर गमतीत असते. माहोल बनवा लागते."

"गमतीत असेल तर तसं सांगा कुठेतरी. लोकांनी खरंच धरलं."

मग ते खरंच बोलायला लागले, आणि त्यांच्या बोलण्यात दम नव्हता असं मी म्हणणार नाही. "सर, आपण नाही बनवलं तर कोरियावाला बनवंल. आपल्या पोराईनं काय कराचं? इंजिनिअरिंग करून पुण्याले जातात, तिथं एका खोलीत सहा जण राहतात. इथं गावाजवळ काम भेटून राहिलं. तुम्ही मास्तर लोक, तुमचा पगार एक तारखेले येते."

पगाराचं खरं होतं, ते मी गिळलं. कामाचं बोललो. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावजवळच्या एका कारखान्यात स्फोट झाला, नऊ जण गेले, त्यातल्या सहा बाया. आजूबाजूच्या गावांतल्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोट झाला, त्याच दिवशी आठ गेले. भाऊ दोन्हीकडे गेले होते, मी फोटो पाहिले होते, तेही मी म्हटलं. "तुम्ही त्या घरांत बसून आलात. युक्रेनात संयुक्त राष्ट्रांनी खात्री करून मोजलेले सामान्य नागरिकच चौदा हजारांच्या वर आहेत. तीही अशीच घरं. तिथं बसला असता तर 'चालू द्या' म्हटलं असतं का?"

भाऊ पोह्यात लिंबू पिळत होते. बी पडलं ते त्यांनी चमच्यानं काढलं.

"अन् आपलेही तिकडे गेलेच ना," मी म्हटलं. हेल्पर म्हणून, सुरक्षारक्षक म्हणून, कोणी कशाला, असं सांगून रशियाला नेलेली आपली पोरं थेट आघाडीवर उभी केली गेली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानंच आकडा दिला: रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय, त्यातले १२ ठार, १६ बेपत्ता. "तेही रोजगारासाठीच गेले होते, भाऊ."

तुमचा मुलगा पाठवाल का, हा प्रश्न मी विचारला नाही. तो टाळ्याखाऊ प्रश्न आहे, आणि भाऊंच्या मुलाचा यात काही दोष नाही. खरं सांगायचं तर तो माझ्याच शाळेत होता, इतिहासात बरा होता.

"मग तुमचं म्हणणं काय, कारखाने बंद कराचे?" भाऊ म्हणाले.

नाही. हे मी त्यांना सांगितलं आणि इथेही लिहितो. कारखाना असू द्या, आपल्या पहाडाला लागतो. ऑर्डर आली तर ती सरकार तपासेल, देईल, नाकारेल, त्यावर संसदेत भांडण होऊ द्या. पण लोकांनी निवडून दिलेला माणूस माइकवर उभा राहून, कोणीतरी मरत राहो अशी जाहीर इच्छा करतो, आणि ती नागपूरच्या भल्यासाठी म्हणून करतो, तेव्हा तो माझ्या नावानं ती इच्छा करत असतो. माझं नाव त्यातून काढा. माझ्या बाबांचंही काढा. त्यांनी तीस वर्षं गेज लावून माल पास केला, कोणाच्या मरणाची वाट पाहत लेथवर उभे नव्हते.

"सर, तुम्ही ना, हे लिहून द्या," भाऊ म्हणाले. घड्याळ बघितलं, पण रागावले नाहीत. "मी वाचतो. खरंच वाचतो."

लिहिलं. दोन पानं झाली, मग कापून एक केलं. मागणी एकच: पुढच्या सार्वजनिक कार्यक्रमात 'चालू द्या' हे शब्द मागे घ्या, आणि त्या जागी 'थांबू द्या' म्हणा. बाकी भाषण तसंच ठेवलं तरी चालेल, नाली वगैरे. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत सगळं वाचलं आणि पेन्सिलनं एका शब्दाखाली रेघ मारली. मी 'गोळ्याचं टरफल' लिहिलं होतं.

"टरफल भुईमुगाच्या शेंगाले असते. एम्प्टी लिही."

"बाकी?"

"बाकी ठीक आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "खाली माझंबी नाव टाक. रिटायर्ड टर्नर."

टाकलं. सोमवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात गेलो. भाऊ मुंबईला होते. टेबलावरच्या पोरानं जाडजूड रजिस्टर उघडलं, तारीख घातली, आमच्या दोघांची नावं लिहिली, मोबाइल नंबर घेतला, आणि पेन तसंच रकान्यावर धरून विचारलं, "काम कोणतं लिहू सर? नाली, रस्ता, लाइट, दाखला, का इतर?"

मी पत्राकडे बघितलं. म्हटलं, "इतर लिही."

त्यानं 'इतर' लिहिलं, पत्राला टाचणी मारून ट्रेमध्ये ठेवलं, आणि माझ्यामागच्या बाईंना विचारलं, "तुमचं काय, काकू?"